मधलं नाव

बोटाएवढं निळं डोंगल.
आत सरपंचांची सही.
राहायला जालिंदर फडतऱ्यांच्या शर्टाच्या खिशात,
तंबाखूच्या पुडीला चिकटून.

सरपंच छबूताई.
जालिंदरराव त्यांचे मालक.
मी पंचायतीची ऑपरेटर, मानधन निघेल तेव्हा.

साताऱ्याला प्रशिक्षण झालं, झेडपीच्या हॉलमध्ये.
गार वडा खात ऐकलं :
पासवर्डमध्ये हवं एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह.
मागच्या रांगेतून कुणी विचारलं, कुठल्या पक्षाचं?
हॉल हसला. सरही हसले.
मी वहीत लिहिलं :
मराठीत अक्षरं लहान-मोठी नसतात,
माणसं असतात.
डोंगल कुणाच्या खिशात असावं
हे स्लाईडवर नव्हतं.

पिन म्हणजे त्यांच्या थोरल्याची जन्मतारीख.
मला पाठ, ग्रामसेवकांना पाठ,
टाकीच्या ठेकेदाराला आणि त्याच्या ड्रायव्हरलाही.
थोरल्याला बहुतेक नसावी,
तो पुण्यात असतो, वाढदिवसाला फोन घेत नाही.

टीव्हीवर हॅकर दाखवतात
टोपी ओढलेला, अंधारात, हिरव्या आकड्यांसमोर.
मी साडेदहाला येते. केर काढते. उदबत्ती लावते.
मग जालिंदरराव खिशातून डोंगल काढून देतात
आणि मी येरळेकाठच्या रस्त्यावर
अठरा दिव्यांचे खांब मंजूर करते.
संध्याकाळी घरी जाताना मोजते.
अकरा.
चौदा महिने हेच.
स्क्रीन विचारते, आपणच सरपंच आहात ना?
मी होय दाबते.
त्याला कुणी चोरी म्हणत नाही,
त्याला म्हणतात, पोरगी हुशार आहे, पटापट करते.

मंगळवारी लाईट गेलेली, इन्व्हर्टर कण्हत होता,
छबूताई आल्या.
बटाट्याच्या काढणीवरून थेट, नखांत माती.
मूठ उघडली तर डोंगल.
"शर्ट धुवायला टाकलावता," म्हणाल्या,
"ह्यातनं माझं नाव कसं निघतंय, दाव मला."

दाखवलं.
रस्ता दाखवला, टाकी दाखवली, खांब दाखवले.
त्या ओठ हलवत प्रत्येक कागदाखालचं
स्वतःचं नाव वाचत गेल्या.
माझ्याकडे बघितलं नाही. तेच बरं.
मग म्हणाल्या, "ही तारीख काढून टाक."

तुम्हीच टाका, म्हटलं. सहा आकडे.
आणि खुर्ची सोडून तोंड फिरवलं, भिंतीकडे.
भिंतीवर मतदार यादी. वाचत उभी राहिले,
वॉर्ड दोन, स्त्रिया.
मागे टिचकी. टिचकी. टिचकी.
मग इतका वेळ काहीच नाही
की मला वाटलं उठून गेल्या.
आठवत होत्या की ठरवत होत्या, कोण जाणे.
मग उरलेल्या तीन, सलग.

दुसऱ्या दिवशी जालिंदरराव.
थोरल्याची तारीख चालेना. धाकट्याची चालेना.
लग्नाची तारीख मलाच विचारली.
शेवटी डोंगल कायमचं बंद पडलं.
"पिन काय ठेवलीय गं?"
मला माहीत नाही, म्हटलं.
चौदा महिन्यांत त्या खुर्चीवरून
बोललेलं पहिलं खरं वाक्य असावं ते.
हात मात्र कापत होते.

नव्या डोंगलला व्हिडिओ लागतो,
माणूस जिवंत आहे, स्वतः बोलतोय, याचा पुरावा.
वडूजच्या सेंटरवर त्यांनीच नेलं बायकोला, गाडीवरून.
ठेकेदाराचं बिल अडकलेलं.
पोरगा म्हणाला, मावशी, कॅमेऱ्यात बघा,
पूर्ण नाव सांगा.
रांगेतल्या बाया खुदखुदल्या,
"उखाण्यात घ्या, उखाण्यात!"

"छबूताई," त्या म्हणाल्या. थांबल्या.
"फडतरे."

मधलं नाव राहिलं, मावशी.

"त्ये भाईर बसलंय बाकड्यावर.
त्याचं काय काम हाय हितं?"

पोराने रेकॉर्डिंग पुसलं.
परत म्हणाला, कॅमेऱ्यात बघा.