येणे

न्हाव्याच्या दुकानावर बाबांचा दवाखाना.
जिना लाकडी, खुर्ची मॉन्टगमरीहून जुनी आणलेली,
आणि हिरव्या पुठ्ठ्याची एक लांबोडकी वही,
काल घर रिकामं करताना सापडली ती.

मार्चमधला मंगळवार:
ओझेला क्रेन्शॉ. वरचा डावा सुळा, मुळासकट. पडल्या.
होझिया टॉल्बर्ट, वय सतरा. खालचे चार. पडला.
रेव्हरंड मॅबरी. जबडा. पडले.
पुढचं पान. पडले. त्याच्याही पुढचं.
दात की माणसं, वाचणाऱ्याने ठरवावं.

एका दुपारी एकोणचाळीस जण पडले
एकाच पुलावर, शंभरेक पावलांत,
आणि रस्ता तर कोरडा होता.

शेरिफची माणसं वह्या चाळायला यायची.
'लाठी' हा शब्द सापडला असता
तर सकाळी जिन्याला कुलूप.

मी नऊ वर्षांची. टॉर्च धरून उभी,
वीज त्या रात्री नेमकी आमच्याच गल्लीतली गेलेली.
पत्र्याच्या वाटीत दात पडला की
चर्चच्या दानपेटीत नाणं पडल्यासारखं वाजायचं.
होझियाने एकदाही हं केलं नाही.
बाबांचाच हात थांबायचा मधूनमधून.

किती वर्षं दाताच्या कण्या केल्या होत्या त्यांनी
कोर्टाच्या त्या खिडकीपुढे:
नाव लिहून घ्या साहेब, नुसतं नाव.
कारकून म्हणायचा, नदीत थेंब किती ते सांग आधी.
म्हणून निघाले होते चालत,
दोघं-दोघं, तोंड मिटून, रविवारच्या कपड्यांत.

तेरा दिवसांनी वहीत पुन्हा होझिया.
कवळी बसवली. घट्ट हवी म्हणतो.
परत जायचंय.

आज ओझेलाबाई एक्क्याण्णव वर्षांच्या.
आमच्या बाजूचं मतदान केंद्र यंदा बंद केलंय,
नवं अकरा मैलांवर, नवं ओळखपत्रही लागतं.
मीच नेलं गाडीतून.
फोटो काढणारी मुलगी म्हणाली, हसू नका आजी, नियम आहे.
हसत नाहीये गं, त्या म्हणाल्या,
सुळा आला पाहिजे फोटोत.
बाबांनी बसवलेला, सोन्याचा.

परतताना वही दिली त्यांच्या मांडीवर.
माझे पैसे राहिले होते, त्या पुटपुटल्या,
तुझ्या बापाने कधी मागितलेच नाहीत.
बोट फिरवत त्या उजव्या रकान्याशी आल्या,
जिथे शेरिफच्या माणसांची नजर कधी पोचली नव्हती.
येणे: चार डॉलर. कोणाकडून: काउंटी.
येणे: अकरा डॉलर. काउंटी.
काउंटी. काउंटी.
एकोणचाळीस वेळा, बाबांच्या तिरक्या अक्षरात,
आणि एकावरही काट मारलेली नाही.

खिडकीबाहेर पेकानची झाडं मागे जात होती.
ओझेलाबाईंनी सुळ्यावरून जीभ फिरवली,
वही मिटली.

व्याज धर, म्हणाल्या.