पहिली सर्व्हिसिंग

वाडी नाक्यामागे, टिनाच्या शेडात
वही उघडून मी पौनीकर मिस्त्रींना विचारलं :
टायरात हवा किती? ग्रीस कुठेकुठे?
नाल्यातून गेल्यावर ब्रेक सुकवायचे कसे?
आणि ती छोटी दांडी, ती कधी ओढायची?

त्यांनी खर्रा गालात सरकवला.
“कुठी नेता हिले?”

धरमपेठ. लक्ष्मीनगर. एकदा विमानतळ.

“मंग पुसूनच ठेवा ना.”

रविवारी, सेहेचाळीस अंशांत,
उमरेडकडच्या आटलेल्या तलावात उतरलो.
वरून भेगा, खाली अजून गाळ.
दांडी अडली. अडलीच.
मग खट्ट.

सोमवारी ते गाडीखालून उताणेच सरकत बाहेर आले,
नखातला चिखल बोटांत चुरत.
“काळी हाये,” म्हणाले,
आणि दुसरं स्टूल पायानं माझ्याकडे ढकललं.

“हं. काढा वही.”