भिंतीला कान

ताकुआरेंबोच्या कत्तलखान्यातून सकाळी सातला
वॉशिंग्टन थर्मास घेऊन येतो.
आत कोमट खारं पाणी, आणि गाईंचे बीजांडकोश,
अजून ऊब न सोडलेले.
बाहेर जुलै. कुरणभर दहिवर गोठलेलं.
"बावीस," तो म्हणतो, "एक जरा फाटलाय."

नेलिदा बेंतान्कोर सुई लावते,
वाटाण्याहून लहान पुटकांतून रस ओढते.
रसात पेशी, भिजल्या रव्यासारख्या.

भिंतीला कान असतात म्हणतात.
या भिंतींना सगळे नसतात;
पहिल्या हाकेपुरता असतो एक.
एफएसएच हाक मारतं, तो ऐकतो,
आणि आत, जिथे हाक स्वतः कधीच पोचत नाही,
एक चिमुकला निरोप्या धावत सुटतो
थेट केंद्रकाच्या दारापर्यंत:
उठा, नवा कान घडवा,
अजून कुणी यायचंय, त्याचा आवाज वेगळा आहे.

दोन दिवस लागतात. कधी तीन.
एलएच तोवर आलंच
तर वाऱ्यासारखं वरून निघून जातं.
आणि वाढीचा घटक थेंबभर जास्त पडला
तर पेशी नुसत्या वाढतात,
भराभरा, बहिऱ्या.

मंगळवारी चौथी बशी बहिरी राहिली.
नेलिदाने वहीत लिहिलं: कारण माहीत नाही.
मग खोडलं. मग पुन्हा तेच लिहिलं.

तिचा स्वतःचा कागद पर्समध्ये आहे, चार घड्यांचा.
वय एकावन्न. एफएसएच ब्याण्णव.
म्हणजे ऐकणारं घर रिकामं होत गेलं
तसतसा वरून आवाज चढत गेला,
जसा तिच्या बापाचा चढायचा शेवटी शेवटी,
कुंपणाशी उभं राहून
कधीच विकून टाकलेल्या घोडीला हाका घालताना.

डॉक्टरीण म्हणाली, स्वाभाविक आहे.
माहीत आहे, नेलिदा म्हणाली, मी हेच काम करते.
तरी थांब्यावर ती नुसती उभी राहिली.
बस आली, गेली.

आज सहावी बशी.
पट्टीवर काळी रेघ उमटते, बारीक,
काजळाच्या काडीने ओढल्यासारखी.
वॉशिंग्टन अजून येर्बाचा कडू घोट घेत बसलेला.
ती त्याला बोलावते.
तो वाकतो, चष्मा कपाळावर सरकवतो.
"एवढंच?"
"एवढंच."

"उद्या किती आणू?"
"अठरा पुरतील," ती म्हणते.
"आणि फाटलेला नको."