अर्धं पिंप

निळं पिंप मधोमध कापलं,
बार्ज भंगारात गेली तेव्हा आणलेल्या करवतीनं.
अर्ध्यात मानकुरादचं कलम, अर्ध्यात कागदी लिंबू.
बुडाला नऊ भोकं.
डिचोलीच्या नर्सरीवाल्यानं पाच सांगितली होती,
पण पाणी कुठे साचतं ते
मला त्याच्याहून थोडं जास्त कळतं.
तीस वर्षं भोकं बुजवली.
आता हौसेनं पाडतो.

हेडलँड सड्यावर माती नाही, जांभा आहे.
माती सावर्ड्याच्या मेहुण्यानं दिली,
सात रविवार, स्कूटरवरून सात गोण्या.
तीत भाताचा तूस, काथ्या, कुजलेलं शेण
आणि मूठभर खाणीची लाल धूळ.
झाडाला तिचा काही उपयोग नाही.
मलाच हवी होती.

मार्चात गच्चीवर उतरलेला कावळासुद्धा
पाय बदलत उभा राहतो.
पिंपाला उन्हाकडून हात लावला, चटका बसला.
म्हणजे आत मुळं शिजत असणार.
मग गोणपाट गुंडाळलं, वर नारळाची सोडणं पालथी घातली.
सुलक्षा म्हणाली,
तापल्या पोराला कुणी इतकं करत नाही.
पोर तापायचं तेव्हा मी नदीत असायचो.
हे ती म्हणाली नाही.
मी ऐकलं.

पाणी एक दिवसाआड, पहाटे साडेतीनला.
आंब्याला दोन बादल्या, लिंबाला एक,
डाळिंबाला तांदूळ धुतलेलं,
आणि बांगडे धुतलेलं ज्याची पाळी असेल त्याला.
आधी बोट मातीत खुपसायचं, दुसऱ्या पेरापर्यंत.
ओल लागली की बादली घेऊन परत फिरायचं.
हे शिकायला एक पपई गेली.
तहानेनं गेली असती तर कमी लागलं असतं.
रोज पाजून पाजून कुजवली तिला.

बंदराला कोळशाचं जहाज लागलं की
आमची पानं काळी.
शनिवारी ओलं फडकं घेऊन बसतो, एकेक पान.
जिन्यातून इश्पेरांसबाय विचारते,
"झाड पुसतोस की इंजिन रे?"
सोसायटीचे गायतोंडे विचारतात,
स्लॅब एवढं वजन झेलेल का?
वजनाचं मला विचारताय?
पाणरेषा बघून टन सांगायचो मी.
"स्लॅबला पाणरेषा नसते," ते म्हणाले.
खरं होतं. दोन पिंपं भिंतीकडे, कॉलमवर सरकवली.

तिसऱ्या वर्षी आंबा रुसला.
पानं बोटाएवढी, मोहोराचं नाव नाही.
भाद्रपदात पाऊस ओसरल्यावर आडवा पाडून ओढला बाहेर.
मुळंच मुळं,
एकमेकांच्या मागून, पिंपाच्या कडेकडेनं,
गोल, परत गोल.
सावर्डे ते मुरगाव, मुरगाव ते सावर्डे.
तिसरा हिस्सा कापायचा असतो.
करवत लावली आणि हात थांबला.
इश्पेरांसबायनं खोड धरलं,
म्हणाली, काप, मी धरलाय.
कापला.
त्याच पिंपात, नव्या मातीत परत.

त्या हिवाळ्यात काहीच नाही, नुसती तांबूस पालवी.
यंदा मोहोर.
वाटाण्याएवढ्या अकरा कैऱ्या धरल्या,
वाऱ्यानं सात नेल्या.
राहिल्या चार.
एक इश्पेरांसबायची.
एक गायतोंड्यांची, काट्यावर तोलून देणार.
एक मेहुण्याची, सात गोण्यांच्या बदल्यात लाजिरवाणी.
चौथीचं सुलक्षानं अजून काही सांगितलेलं नाही,
पण येताजाता तिच्यावर सावली धरून उभी राहते.

काल मस्कतहून मुलाचा फोन.
इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाला,
आंबा केवढा झाला?
मी गच्चीवरच होतो.
मूठ मिटून बघितली,
"माझ्या मुठीएवढा," म्हटलं.
तो म्हणाला, तुमची मूठ केवढी ते आठवत नाही.

पहाटे नळ खोकतो.
बादली लावली आहे.