हातचा अर्धा तास

हिशोब शेवटापासून मांडायचा, असं आई सांगायची.
या दरीत ती एकोणीस वर्षं पोस्टाची पिवळी बस चालवायची,
आणि डोंगर चढणारी माणसं तिने कधी नीट पाहिलीच नाहीत,
पाहिली ती उतरलेली:
थांब्याकडे लंगडत पळणारी, एक हात वर.

म्हणून आधी शेवटची बस. पाच अठ्ठेचाळीस.
हे मी शाईने लिहिते.
थांब्यावर पाच पंचवीसला, कारण ओढ्यात पाय बुडवल्याशिवाय
फ्लुरिनचा डोंगर संपत नाही.
लाकडी पूल ते थांबा, चाळीस मिनिटं.
कुरण ते पूल, तास.
(कुंपणाची तार परत अडकवणे. अडकली का ते वळून बघणे.)
कुरणाच्या वरची ती सुटी खडी,
जिथे गुडघे बोलायला लागतात, तिथे दीड तास.
तास पुष्कळ झाला, म्हणतो फ्लुरिन.
दीड.
गेल्या वर्षी कोणाचे गुडघे बोलत होते?

वरची धार, साखळी धरून, पाऊण तास.
म्हणजे माथा सोडायचा दीड वाजता.
आणि हातचा अर्धा तास.
म्हणजे एक.
एक वाजता, जिथे असू तिथून मागे.

फ्लुरिन काही बोलत नाही.
सुरीने पावाचे कण गोळा करतो,
टेबलाच्या कडेला त्यांचा एक लहानसा डोंगर करतो.

गेल्या वर्षी एक वाजला तेव्हा
माथ्यावर बसलेला माणूस सफरचंद खात होता
आणि ते सफरचंद लाल आहे हे आम्हाला दिसत होतं.
इतकं जवळ.
दहा मिनिटं, लादिना, फक्त दहा, तो म्हणाला.
मी वळले.
गवत कापून वाळून कोठारात जाईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.
त्याचं मला वाईट वाटलं नाही.
संध्याकाळपर्यंत आभाळ निळंच राहिलं,
एक ढग नाही, गडगडाट नाही,
हे मात्र लागलं.

आईने एकदा बस अकरा मिनिटं थांबवून धरली होती,
सकाळी सोडलेल्या दोघांसाठी.
मग रिकामीच खाली आणली.
एवढंच सांगायची ती. पुढचं आम्ही कधी विचारलं नाही.

पहिली बस आपल्याला सात दहाला वर सोडते, मी म्हणते.
बसने नाही जायचं, म्हणतो फ्लुरिन.
बिश्टगौनची दुधाची गाडी. सहा वीसला पुलापाशी.
विचारलंय मी त्याला, रविवारीच, चर्चच्या पायरीवर.
मी वर बघते.
अर्धा तास शेवटातून कशाला मागायचा, तो म्हणतो,
सुरुवातीतून घेऊ.

पन्नास मिनिटं! मी पेन घेते.
आणि बिश्टगौन बदल्यात काय घेणार?
मीठ, म्हणतो फ्लुरिन कणांच्या डोंगराकडे बघत.
त्याच्या गाईंसाठी. कुरणापर्यंत न्यायचं.
किती?
दोन खडे.
किती, फ्लुरिन?
वीस किलो.

दहा तुझ्या पाठीवर, दहा माझ्या.
चढाला वीस मिनिटं जास्त.
पन्नासातून वीस गेले.
शाळेत बाई फळ्याच्या कोपऱ्यात हातचा लिहायच्या,
छोटासा, म्हणजे विसरायला होऊ नये,
तसा मी तो लिहिते: तीस.

मग पाव, सुकं सॉसेज, अक्रोडाच्या तुओर्ताचे चार तुकडे,
टोप्या, कारण हवामानखात्याने
‘दुपारनंतर कदाचित’ असं म्हटलंय,
आणि त्या ‘कदाचित’वर आई कधी विसंबली नाही.
माझ्या डाव्या बुटाची नाडी मध्ये दोऱ्याएवढी झालीय,
ती आत्ताच बदलायला हवी.
आणि सफरचंद, म्हणतो फ्लुरिन. एक. लाल.

कागदावर सगळं उतरलंय, खालून वर,
बस, थांबा, पूल, कुरण, खडी, साखळी,
आणि सगळ्यात वर थोडी जागा उरलीय.
तिथे मी पेन्सिलने लिहिते: माथा.