एकोण

आठव्या पायरीवरची लीग. केल्डब्रिज टाउन विरुद्ध
खाडीपलीकडचे कुणीतरी,
ज्यांची बस धुक्यामुळे अर्धा तास उशिरा आली.
आमचा गोलकीपर सकाळी लोकांचे नळ दुरुस्त करतो,
डाव्या बगलेचा ओवेन शाळेत भूगोल शिकवतो,
आणि मी औषधांच्या दुकानातून तशीच येऊन
फिरत्या फाटकाशी बसते. माणसं मोजते.

मोजते मराठीत. अकोल्याच्या शाळेत
छडीसकट पाठ झालेले आकडे.
मग माइकवाल्या बॅरीसाठी इंग्रजीत करून
चिठ्ठीवर लिहिते.
एकदा एकोणऐंशीचे एकोणनव्वद झाले,
क्लबला दहा माणसं फुकट मिळाली.
कुणी तक्रार केली नाही.

आज पाऊस तिरका. टपरीवरचे पाय संपलेत, म्हणजे खायचे;
मैदानावरचे नुसतेच रुतलेत.
कोपऱ्यातल्या कठड्याशी विल्फ टॉरडॉफ नाही.
मंगळवारी गेला म्हणे,
थर्मास, कुबडी, आणि रेफरीसाठी राखून ठेवलेल्या
खास शिव्या सोबत घेऊन.

शेवटचा माणूस आत आला, फाटक करकरलं.
एकशे एकोणचाळीस.

बॅरी वाचतो तेव्हा तो तीस आणि वर नऊ असतो,
ठणठणीत, बेरजेचा आकडा.
माझ्या तोंडात मात्र आधी पुरते चाळीस उभे राहतात,
भिजलेले, कठड्याला टेकून,
आणि मग त्यातला एक उणा.

तिकडे आम्हाला कॉर्नर मिळालाय.
ओवेन चेंडू ठेवतो. उचलतो.
पॅन्टला पुसून पुन्हा ठेवतो.