राबा

टार्टूहून दोन तास. बस डांबर सोडून खडीवर उतरली
आणि हेल्वे मॅडम काचेबाहेर बोट दाखवून म्हणाल्या, ‘राबा.’
मी दचकून ताठ बसले.
इथल्या भाषेत राबा म्हणजे दलदल, एवढंच.
शेवाळाची, आंबट, हजारो वर्षं जागची न हललेली.
नातियाला आपल्या राबण्याचा अर्थ सांगितला
तर ती म्हणाली, मग बरोबरच आहे, बूट बांध.

बुटांखाली जाळीच्या टोपल्या आवळून निघालो.
पहिल्या पावलाला जमीन श्वास सोडते,
दुसऱ्याला तोच परत घेते.
क्वाबेना मांडीपर्यंत आत गेला;
तो लगेच निघाला, त्याचा बूट बऱ्याच वेळाने.
गुडघ्याएवढे पाइन, शंभरी उलटलेले.
एका उंचवट्यावर दवबिंदू,
लाल, चिकट, चिलटाला कुशीत घेऊन बसलेली.
हिला मी ओळखते, कोकणात सड्यावर पाहिलीय,
सांगणार होते सगळ्यांना.
पण आमची लांबोडी, हिचं पान गोल.
तिनेही काही ओळख दाखवली नाही.

वर्गात शिकलो होतो: वर्षाला एक मिलिमीटर.
परीक्षेत दोन गुणांना येतं.
इथे पोलादी नळी खाली जाते, अर्धी वळते, वर येऊन उघडते,
आणि फळीवर आडवा होतो
वर पेंढ्यासारखा पिवळा,
खाली काकवीसारखा काळा, वाफ नसलेला काळ.
पुढच्या चाचणीचं उपकरण म्हणजे आपली मूठ.
मूठभर घ्यायचं, पिळायचं,
बोटांच्या फटींतून काय येतं ते पाहून आकडा सांगायचा.
नितळ पाणी आलं तर एक.
सगळंच निसटलं, मुठीत काही उरलं नाही, तर दहा.
मी म्हटलं, सात. हेल्वे म्हणाल्या, परत.
परत पिळलं. आठ.
चार हजार वर्षांपूर्वीचा एक हिरवा उन्हाळा
मनगटावरून ओघळत माझ्या बाहीत गेला
आणि तिथे खाजत राहिला.

जेवणाच्या सुट्टीत लेम्बित आला.
सत्तरी ओलांडलेला, खांद्यावर ओल्या फळ्या.
सरकारने चर बुजवायला लावलेल्या माणसांपैकी एक.
तो चर माझ्या वहीत होता:
‘मानवी हस्तक्षेप, १९७४’, खाली लाल रेघ.
त्याचं बोलणं हेल्वेंनी आम्हाला इंग्रजीत दिलं,
जरा अडखळत, कुठेतरी गाळतही असाव्यात.
हा मीच खणला. एकवीस वर्षांचा होतो.
सगळ्या तुकडीत माझा चर पहिला संपला,
मनगटी घड्याळ मिळालं बक्षीस.

क्वाबेनाने विचारलं, तेव्हा कळत होतं का,
काय वाहून जातंय?
लेम्बित बराच वेळ चराकडे पाहत होता.
मग म्हणाला, सरळ आला होता.
दोरीशिवाय.

आम्ही फळ्या धरल्या, त्याने ठोकल्या.
प्रत्येक घावाला आमच्या पायाखालची जमीन थरथरली,
लांबचा एक पाइनही.
क्रौंच ओरडत दक्षिणेला गेले. कोणी मोजले नाहीत,
आज पक्ष्यांचा तास नव्हता.
पाणी फळीला टेकलं, थांबलं,
एक बोट चढलं. मग दुसरं.

बसने हॉर्न दिला.
वही उघडून मी त्या नोंदीपुढे काहीतरी लिहायला गेले,
तक्त्यात नावाला रकाना नव्हता.
पेन्सिल ओली होती तशीही.

मागे वळून पाहिलं तर
दोन फळ्यांच्या फटीतून एक बारीक धार सुटलेली.
लेम्बित गुडघ्यांवर बसला, शेवाळाचा एक बोचका उपटला,
आत दाबण्याआधी मुठीत धरून पिळला,
आमच्यासारखाच, आणि हात उजेडाकडे नेला.
पाणी नितळ होतं.
‘युक्स,’ तो म्हणाला, आम्हाला नव्हे.
एक.
आणि अंगठ्याने फट भरायला लागला.